ईडिपस गंड : संकल्पना, आधार आणि मर्यादा

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात ‘ईडिपस गंड’ ही संज्ञा किमान तीन विभागांत वापरली जाते. मानसशास्त्राच्या वर्गात ती व्यक्तिमत्त्वविकासाच्या संदर्भात येते, साहित्याच्या वर्गात ‘हॅम्लेट’ किंवा ‘ययाति’ यांसारख्या कृतींच्या समीक्षेत येते आणि शिक्षणशास्त्रात बालविकासाच्या अवस्था शिकविताना येते. तिन्ही ठिकाणी ती बहुधा एका वाक्यात सांगितली जाते : मुलाला आईविषयी कामभावनायुक्त ओढ आणि वडिलांविषयी वैरभाव वाटतो. विद्यार्थी हे वाक्य परीक्षेपुरते पाठ करतात. काहींना ते हास्यास्पद वाटते, काहींना किळसवाणे. ही कल्पना कोणत्या निरीक्षणांतून निर्माण झाली, तिच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा कोणता, आणि ती चुकीच्या ठिकाणी लावल्यास कोणते नुकसान होते, हे प्रश्न मात्र बाजूला राहतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा क्रमाने विचार करण्यात आला आहे. ईडिपस गंड हा सिद्ध झालेला नैसर्गिक नियम नसून मर्यादित आधारांवर उभे केलेले एक गृहीतक आहे. मात्र बालक दोघांच्या नात्यातून तिघांच्या नात्यात कसे प्रवेश करते, हा त्याने उपस्थित केलेला प्रश्न खरा आहे, ही या लेखाची मुख्य भूमिका होय.

संकल्पनेचा उगम

सिग्मंड फ्रॉइड (१८५६-१९३९) यांनी २१ एप्रिल १८९६ रोजी व्हिएन्नातील वैद्यकीय मंडळापुढे उन्मादविकृतीच्या कारणांविषयी व्याख्यान दिले. आपण तपासलेल्या अठरा रुग्णांच्या आधारे त्यांनी असे प्रतिपादन केले, की या विकृतीच्या मुळाशी बालपणी प्रत्यक्ष घडलेले लैंगिक अत्याचार असतात. श्रोत्यांकडून या प्रतिपादनाचे थंडे स्वागत झाले. पुढे दीड वर्षाच्या आत फ्रॉइड यांचा स्वतःचाच या मतावरील विश्वास उडाला. २१ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांनी आपले मित्र विल्हेल्म फ्लीस यांना तसे पत्राने कळविले. विश्लेषणे अपेक्षेप्रमाणे पूर्ण होत नाहीत, इतक्या मोठ्या प्रमाणावर पित्यांना दोषी मानावे लागेल हे संभवनीय वाटत नाही, आणि अबोध मनात वास्तव व कल्पना यांतील भेद ओळखण्याची खूण नसते, ही त्यांनी दिलेल्या कारणांपैकी काही होत.

या पत्रानंतर महिन्याच्या आतच, १५ ऑक्टोबर १८९७ रोजी, फ्लीस यांनाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात नव्या विचाराचे बीज आढळते. वडिलांच्या मृत्यूनंतर (ऑक्टोबर १८९६) फ्रॉइड यांनी आत्मविश्लेषण आरंभिले होते. त्यात मातेविषयीचे प्रेम आणि पित्याविषयीची असूया त्यांना स्वतःच्या ठिकाणी आढळली. ही बाब सर्वांच्याच बालपणात घडत असावी असे मानून त्यांनी सोफोक्लीजच्या नाटकाचा परिणाम आणि हॅम्लेटची दिरंगाई यांचा अर्थ त्या आधारे लावला. येथे एक तपशील लक्षात घेणे आवश्यक आहे. फ्रॉइड यांच्या जन्माच्या वेळी त्यांचे वडील चाळीस वर्षांचे, तर आई केवळ वीस वर्षांची होती आणि वडिलांच्या पूर्वविवाहातील मुलगे जवळजवळ आईच्याच वयाचे होते. अशा असाधारण कुटुंबातील एका व्यक्तीच्या स्मृतींवरून सार्वत्रिक निष्कर्षाकडे जाणे ही तर्कशास्त्रीय दृष्टीने मोठी झेप होती.

‘स्वप्नांचा अर्थ’ या ग्रंथात (१९००) हा विचार प्रथम विस्ताराने छापला गेला. ‘ईडिपस गंड’ हा शब्दप्रयोग मात्र १९१० मधील एका लेखात आला.

सिद्धांताची मांडणी

फ्रॉइड यांच्या मते साधारणतः तीन ते पाच-सहा वर्षे या वयात, म्हणजे लिंगावस्थेत, हा संघर्ष तीव्र होतो. मुलाला आई सर्वस्वी आपलीच असावी असे वाटते. त्या इच्छेच्या आड वडील येतात. त्यांच्याविषयी राग वाटतो, परंतु त्यांच्यावर प्रेमही असते आणि त्यांचे भयही वाटते. या भयाचे टोकाचे रूप म्हणजे लिंगच्छेद-भय होय. भयापोटी मूल आईविषयीच्या इच्छेचे दमन करते आणि वडिलांशी तादात्म्य साधते. वडिलांचे निषेध व आदर्श आत्मसात होऊन पराहम् आकारास येतो. १९२४ मधील लेखात फ्रॉइड यांनी या विलयाची प्रक्रिया स्वतंत्रपणे मांडली. नैतिकतेचा उगम प्रेम व वैर यांच्या संघर्षात शोधण्याचा हा प्रयत्न सिद्धांताचा सर्वांत महत्त्वाकांक्षी भाग आहे.

अध्यापनात दोन गोष्टी सामान्यतः सुटतात. पहिली, ‘कामप्रेरणा’ या शब्दाचा फ्रॉइड यांना अभिप्रेत असलेला अर्थ व्यापक आहे. स्पर्श, चोखणे, कुशीत शिरणे यांतील शारीरिक सुखही त्यात समाविष्ट आहे. बालकाची इच्छा प्रौढाच्या लैंगिक इच्छेसारखी असते असे त्यांनी म्हटलेले नाही. दुसरी, १९२३ मध्ये त्यांनी या गंडाचे ‘संपूर्ण’ रूप मांडले. त्यानुसार प्रत्येक बालकात दोन्ही पालकांविषयी ओढ आणि दोन्ही पालकांविषयी वैर असे चारही प्रवाह कमी-अधिक प्रमाणात असतात. ‘मुलाला आई हवी, वडील नकोत’ हे सूत्र म्हणूनच सिद्धांताचा केवळ अर्धा भाग सांगते.

छोट्या हान्सचा दाखला

बालकाच्या प्रत्यक्ष निरीक्षणातून मिळालेला पहिला पुरावा म्हणून १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘छोटा हान्स’ या प्रकरणाकडे पाहिले जाते. पाच वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलाला १९०८ च्या आरंभी घोड्यांची विलक्षण भीती वाटू लागली. घोडा चावेल या धास्तीने तो घराबाहेर पडेना. त्यापूर्वी त्याला धाकटी बहीण झाली होती; स्वतःच्या अवयवाशी खेळताना पाहून आईने तो कापून टाकण्याची धमकी दिली होती; आणि रस्त्यात गाडीचा घोडा कोसळताना त्याने पाहिला होता. फ्रॉइड यांनी उपचारकाळात या मुलाला एकदाच पाहिले. बाकी सर्व संभाषणे त्याच्या वडिलांनी केली व लिहून पाठविली. घोड्याच्या तोंडाभोवतीचा काळा भाग म्हणजे वडिलांच्या मिशा आणि डोळ्यांवरील झापडे म्हणजे वडिलांचा चष्मा, असा अर्थ फ्रॉइड यांनी लावला. पुढे हान्सने एक कल्पना सांगितली : आपण आपल्या मुलांचे बाबा, आई त्यांची आई, आणि बाबा त्यांचे आजोबा! वडिलांना ठार न करता बढती देणारा हा बालसुलभ तोडगा वाचकाच्या मनात घर करतो. मुलाची भीती त्याच वर्षी ओसरली.

हा पुरावा कितपत निर्णायक आहे? जोसेफ वोल्पे व स्टॅन्ली रॅकमन यांनी १९६० मध्ये त्याची कठोर तपासणी केली. घोडा कोसळण्याच्या भयप्रद अनुभवाने भीती निर्माण झाली, हे साधे अभिसंधानाचे स्पष्टीकरण पुरेसे आहे. शिवाय वडील मुलाला उत्तरे सुचवीत होते, असा त्यांचा आक्षेप होता. मुलाला स्वतःला सांगता न येणाऱ्या अनेक गोष्टी त्याला सांगाव्या लागल्या, हे फ्रॉइड यांनीही मान्य केले होते. हा मुलगा म्हणजे पुढे ऑपेरा-दिग्दर्शक म्हणून नावारूपास आलेला हर्बर्ट ग्राफ. १९२२ मध्ये तो फ्रॉइड यांना भेटला, तेव्हा त्याला त्या प्रकरणातील काहीही आठवत नव्हते. ज्या अभ्यासात निरीक्षक, उपचारक आणि कथित प्रतिस्पर्धी हे तिघेही एकच व्यक्ती आहेत, त्यातून सार्वत्रिक नियम काढणे धाडसाचे ठरते.

कन्येचा प्रश्न आणि मातेचे स्थान

मुलींच्या बाबतीत सिद्धांत आरंभापासून अडखळला. कार्ल युंग यांनी १९१३ मध्ये सुचविलेली ‘इलेक्ट्रा गंड’ ही संज्ञा अनेक पाठ्यपुस्तकांत फ्रॉइड यांच्या नावावर दिली जाते; वस्तुतः फ्रॉइड यांनी ती नाकारली होती. मुलगा व मुलगी यांचा विकास समांतर नसतो, असे त्यांचे मत होते. त्यांनी मांडलेली शिश्न-असूयेची कल्पना कॅरेन हॉर्नाय यांनी खोडून काढली. स्त्रियांना जी असूया वाटते ती पुरुषांना समाजात मिळणाऱ्या स्थानाविषयीची असते, या त्यांच्या युक्तिवादाने चर्चेची दिशा बदलली. १९३१ मध्ये फ्रॉइड यांनी मुलीच्या आयुष्यातील मातेशी असलेल्या ईडिपस-पूर्व नात्याचे महत्त्व मान्य केले.

मेलनी क्लाइन यांनी १९२८ मध्ये हा संघर्ष आयुष्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापर्यंत मागे नेला. त्यांच्या विवेचनात पित्याच्या भयापेक्षा मातेविषयीचे प्रेम व द्वेष यांचे एकत्र असणे केंद्रस्थानी आले. अशा रीतीने मनोविश्लेषणाच्या परंपरेतच या संकल्पनेचा गुरुत्वमध्य पित्याकडून मातेकडे सरकला.

सार्वत्रिकतेची कसोटी : ट्रोब्रियांड बेटे

संस्कृती बदलली तर गंडही बदलतो काय, हा प्रश्न मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी उपस्थित केला. पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवरील समाज मातृवंशीय आहे. तेथे मुलावर अधिकार मामाचा असतो. वडील हे मुलाचे प्रेमळ सवंगडी असतात. तेथील तणाव मामा-भाच्यात आढळतो आणि सर्वांत कठोर निषेध बहीण-भावाच्या संबंधावर असतो, असे निरीक्षण त्यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात मांडले. यावरून वडिलांविषयीचा रोष हा आईच्या पतीविषयी आहे की घरातील सत्तेविषयी, हा प्रश्न निर्माण होतो. एरिक फ्रॉम यांनीही पुढे हा संघर्ष मुख्यतः अधिकाराविरुद्धचा आहे असे प्रतिपादन केले. अर्नेस्ट जोन्स यांनी मात्र मामावरील रोष हे पित्यावरील रोषाचेच स्थलांतरित रूप मानले, आणि मेलफर्ड स्पायरो यांनी १९८२ मध्ये मॅलिनोव्स्की यांच्याच सामग्रीचा वेगळा अर्थ लावून सार्वत्रिकतेची बाजू पुन्हा मांडली. जोन्स यांच्या उत्तरातील अडचण अशी, की गंड दिसला तर सिद्धांत खरा आणि न दिसला तर तो दडपलेला किंवा स्थलांतरित, अशी भूमिका घेतल्यास सिद्धांत खोटा ठरण्याची वाटच उरत नाही.

भारतीय चर्चा

या वादात भारताचा सहभाग फार लवकर सुरू झाला. गिरींद्रशेखर बोस (१८८७-१९५३) यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार दीर्घकाळ चालला. १९२९ मध्ये त्यांनी फ्रॉइड यांना नम्रपणे कळविले, की आपल्या भारतीय रुग्णांत लिंगच्छेद-भयाची लक्षणे युरोपीय रुग्णांइतकी ठळक आढळत नाहीत. उलट स्त्री होण्याची इच्छा भारतीय पुरुष रुग्णांत अधिक सहजपणे प्रकट होते. बोस यांच्या ‘विरुद्ध इच्छां’च्या सिद्धांतानुसार प्रत्येक इच्छेसोबत तिची विरुद्ध इच्छा मनात वास करते. त्यामुळे ईडिपस इच्छेचे निराकरण भयाने होत नाही. विरुद्ध इच्छेला वाट मिळाल्याने होते. फ्रॉइड यांनी या मताची दखल घेतली, परंतु आपली मूळ मांडणी बदलली नाही. वसाहतीतील एका चिकित्सकाने स्वतःच्या रुग्णांच्या आधारे मूळ प्रवर्तकाशी घातलेला हा वाद आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच येतो.

कथांच्या पातळीवरील चर्चेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. डेक्कन कॉलेजातील मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५० मध्ये ‘मॅन’ या नियतकालिकात ईडिपस कथेचे मराठी रूप प्रसिद्ध केले. ए. के. रामानुजन यांनी ‘भारतीय ईडिपस’ या निबंधात अशाच एका कन्नड कथेचा विचार केला. त्या कथेत आपण स्वतःच्या मुलाशी विवाह करणार हे भाकीत मुलीच्या कपाळी लिहिलेले असते. ती वनात जाते, तरीही भाकीत खरे ठरते, आणि सत्य उमगल्यावर ती स्वतःच्या बाळाला अखेरचे निजवून आयुष्य संपविते. कथेचे सूत्र तेच, परंतु दुःख भोगणारी नायिका माता आहे. पुराणकथांविषयी रामानुजन यांचे निरीक्षण असे, की तेथे पुत्राने पित्याला मारण्याऐवजी पिताच पुत्राला मारतो किंवा त्याचे तारुण्य, कामसुख हिरावून घेतो. शिवाने केलेला गणेशाचा शिरच्छेद, पित्याच्या विवाहासाठी देवव्रताने घेतलेली भीष्मप्रतिज्ञा आणि ययातीला यौवन देणारा पुरू ही त्याची परिचित उदाहरणे होत. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ कादंबरीमुळे यांतील शेवटची कथा मराठी वाचकांच्या विशेष परिचयाची आहे.

तथापि या भेदाला फार ताणू नये. सोफोक्लीजच्या नाटकातही पहिला प्रहार पित्याचाच आहे. लायसने नवजात अर्भकाचे घोटे जखडून त्याला किथाइरॉन पर्वतावर टाकून देण्याची व्यवस्था केली होती. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने हे नाटक मराठीत आणले आहे. ते वाचताना हा पूर्ववृत्तांत नजरेआड होऊ नये. फ्रॉइड यांनी पुत्राच्या इच्छेवर प्रकाश टाकला आणि पित्याच्या हिंसेला सावलीत ठेवले, हा आक्षेप म्हणूनच ग्रीक कथेच्या आधारेही घेता येतो.

सुधीर कक्कर (१९३८-२०२४) यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात भारतीय कुटुंबरचनेच्या अंगाने हा विषय हाताळला. त्यांच्या मते हिंदू कुटुंबातील मुलगा दीर्घकाळ आईच्या निकट सहवासात वाढतो आणि नंतर जवळजवळ अचानक पुरुषांच्या जगात ढकलला जातो. त्यामुळे त्याच्या मनातील मोठा प्रश्न मातेच्या सर्वव्यापी प्रेमातून स्वतंत्र होण्याचा असतो. हे विवेचन मुख्यतः उच्चवर्णीय हिंदू पुत्रांविषयी आहे. कन्या, श्रमिक कुटुंबे आणि अन्य समाज यांना ते जसेच्या तसे लागू करता येत नाही.

आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात

जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अनुबंधाचा सिद्धांत मांडला. आईला बिलगण्याची बालकाची धडपड ही कामप्रेरणेची शाखा नसून संरक्षण मिळविण्याची स्वतंत्र, उत्क्रांतीतून आलेली व्यवस्था आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या सिद्धांताची निरीक्षणे व प्रयोग यांद्वारे विस्तृत तपासणी झाली. ईडिपस सिद्धांताला अशा तपासणीतून तुल्य आधार मिळालेला नाही. दुसरीकडे, बालपणी एकत्र वाढलेल्यांत परस्परांविषयी लैंगिक अनिच्छा निर्माण होते, हे एडवर्ड वेस्टरमार्क यांचे १८९१ मधील मत तैवानमधील बालवधू-विवाह आणि इस्रायलमधील किबुत्झ येथील अभ्यासांमुळे पुन्हा विचारात घेतले गेले. हे अभ्यास सहवासात वाढलेल्या मुलांविषयी आहेत, त्यामुळे माता-पुत्र नात्याविषयी त्यांचा पुरावा अप्रत्यक्ष आहे. तरीही निषेध आहे म्हणजे प्रबळ इच्छा असलीच पाहिजे, या फ्रॉइड यांच्या युक्तिवादाला त्यांनी धक्का दिला आहे.

मग या संकल्पनेतून काय उरते? बालकाला असूया वाटते, आई-वडिलांचे परस्परांशी आपल्याला वगळणारे नाते आहे हे त्याला कधी तरी उमगते, ज्याच्यावर प्रेम त्याच्यावरच राग येतो, आणि या कोंडीतून मर्यादा व आदर्श यांची जाणीव घडते. धाकटे भावंड आल्यावर हट्टी झालेले किंवा आई-वडिलांच्या मध्येच झोपायचे म्हणून रडणारे मूल समजून घेण्यास एवढे आकलन पुरेसे आहे. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या मनात पितृहत्येची इच्छा शोधण्याची गरज नाही.

कल्पना आणि वास्तव : शिक्षकाची जबाबदारी

या संकल्पनेच्या जन्मकथेशी एक गंभीर प्रश्न निगडित आहे. प्रत्यक्ष अत्याचाराचा सिद्धांत मागे पडला आणि त्या जागी बालकाच्या इच्छेचा व कल्पनेचा सिद्धांत आला. बालकांवर प्रत्यक्ष अत्याचार होतात हे फ्रॉइड यांनी कधीच पूर्णपणे नाकारले नाही. तरीही त्यांच्यामागून आलेल्या चिकित्सापरंपरेत रुग्णाचे कथन ‘कल्पना’ मानण्याकडे कल वाढला. त्यांचे निकटचे सहकारी सांडोर फेरेन्झी यांनी १९३२ मध्ये वीसबाडेन येथे याविरुद्ध निबंध वाचला. बालक जिव्हाळ्याची भाषा बोलते आणि प्रौढ तिला वासनेच्या भाषेत उत्तर देतो. दोष बालकाच्या इच्छेचा नसतो, असा त्याचा आशय होता. सहकाऱ्यांना तो रुचला नाही. १९८४ मध्ये जेफ्री मॅसन यांनी फ्रॉइड यांनी सत्यापासून माघार घेतली असा आरोप केला. फ्रॉइड यांच्या हेतूविषयीचा तो आरोप वादग्रस्त राहिला. परंतु बालकाच्या कथनाकडे झालेल्या दुर्लक्षाचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

भारतात हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतील १२,४४७ बालकांच्या पाहणीत ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ अनुभवल्याचे सांगितले. छळ करणाऱ्यांत ओळखीच्या व विश्वासातील व्यक्तींचे प्रमाण मोठे होते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानतो आणि अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घालतो. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी या व्याख्येत येतात. एखादी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी घरातील वडीलधाऱ्याविषयी तक्रार घेऊन आल्यास ‘वयाचा परिणाम’, ‘मनाचे खेळ’ किंवा ‘गंड’ असे म्हणून तिची बोळवण करणे हा अर्धवट ज्ञानाचा गैरवापर होय; कायद्याच्या दृष्टीनेही ते समर्थनीय नाही. अबोध इच्छेचा सिद्धांत हा अर्थनिर्णयाचे साधन आहे. घटना घडली की नाही, हे त्यावरून ठरविता येत नाही.

निष्कर्ष

१. ईडिपस गंडाची संकल्पना आत्मविश्लेषण, रुग्णकथने व साहित्यकृती यांवर आधारित असून तिचे सार्वत्रिकत्व सिद्ध झालेले नाही.

२. ती शिकविताना १९२३ मधील ‘संपूर्ण’ रूप, हॉर्नाय व क्लाइन यांच्या दुरुस्त्या आणि ‘इलेक्ट्रा गंड’ या संज्ञेचे खरे कर्तृत्व यांचा उल्लेख आवश्यक आहे.

३. मॅलिनोव्स्की, बोस, रामानुजन व कक्कर यांच्या विवेचनावरून या संघर्षाचे रूप कुटुंबरचना, सत्तेची वाटणी आणि कथा कोणाच्या बाजूने सांगितली जाते यांवर अवलंबून असल्याचे दिसते.

४. साहित्यसमीक्षेत ही संकल्पना अर्थ उलगडण्यासाठी वापरता येते. कृती किंवा लेखक यांचे निदान करण्यासाठी ती वापरू नये.

५. बालकाच्या तक्रारीपुढे सिद्धांताने थांबले पाहिजे. तेथे आधी ऐकून घेणे, मग कायद्याने सांगितलेले पाऊल उचलणे, आणि अर्थनिर्णयाचे काम प्रशिक्षित तज्ज्ञांवर सोपविणे, हाच क्रम योग्य होय.